मधुभाऊंची पुढची तारीख

आमच्या घरात ‘ठरलं तर मग’ नुसती बघितली जात नाही. साडेआठचा भाग संपतो, टीव्हीचा आवाज बारीक होतो आणि मग तीच केस आमच्या सोप्यात पहिल्यापासून चालते. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं जुनं घर, सोप्याला लागूनच रस्ता. त्यामुळं जाणारा-येणाराही उंबऱ्याला टेकून आपलं मत नोंदवून जातो. मधुभाऊंच्या बाजूनं आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. विरोधात कुणीच नसतं, कारण मधुभाऊ निर्दोष आहेत याबद्दल पेठेत दुमत नाही. पण अर्जुन सुभेदार वकील म्हणून कसा आहे, यावर आत्या आणि शेजारच्या काकी यांचं कडाक्याचं वाजतं. कोपऱ्यातल्या खुर्चीत मामा, म्हणजे माझे सासरे. दिवाणी कोर्टात समन्स पोचवणारे बेलिफ होते, आता निवृत्त. त्यांना ना अर्जुनशी देणंघेणं, ना सायलीशी. कुणीही नवा साक्षीदार पिंजऱ्यात येऊन उभा राहिला की त्यांचा एकच प्रश्न असतो. “ह्या बाईला समन्स कुणी बजावलं?”

ज्यांनी ही मालिका बघितली नाही (असे लोक महाराष्ट्रात आहेत, असं मी ऐकून आहे) त्यांच्यासाठी थोडक्यात. ५ डिसेंबर २०२२ ला स्टार प्रवाहवर सुरू झाली. गोष्ट मूळ तमिळ ‘रोजा’ची. जुई गडकरीची सायली वात्सल्य आश्रमात वाढलेली अनाथ मुलगी, अमित भानुशालीचा अर्जुन नामांकित वकील. आश्रम चालवणारे मधुभाऊ विलास नावाच्या माणसाच्या खुनाच्या आरोपात आत जातात. त्यांची केस अर्जुननं लढवावी म्हणून सायली त्याच्याशी करार करून लग्न करते. पुढं त्या दोघांचं जे व्हायचं ते होतंच. सासू, नणंद, तोतया मुलगी, कटकारस्थानं, सगळं यथासांग आहे. म्हणायला कौटुंबिक मालिका. पण आमच्या सोप्यात तिला मान आहे तो कोर्टाची मालिका म्हणून.

त्या करारावरही आमच्याकडं एक उपखटला चालला होता. पुतण्या इथल्या ‘शहाजी लॉ कॉलेज’मध्ये शिकतो. त्यानं पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं की असा करार कायद्यापुढं टिकणारा नाही, सार्वजनिक धोरणाच्या विरोधात आहे म्हणून तो मुळातच रद्दबातल. आत्यांनी भाजी निवडता निवडता विचारलं, “सप्तपदी झाली न्हवं त्यांची?” झाली होती. “मग झालं की लगीन. कागद कशाला बघत बसलाईस?” आणि गंमत म्हणजे हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ नेमकं तेच सांगतं: विधीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. पुतण्यानं ते पुस्तकात दाखवलं तेव्हा आत्यांनी बघितलंही नाही. त्यांना ते माहीतच होतं.

खून मधुभाऊंनी केला नाही, हे आम्हाला पहिल्यापासून ठाऊक. कोण खोटं बोलतंय, कुणी कुणाला फोन लावला, कुठला कागद कुणी लपवला, हे सगळं आम्ही डोळ्यांनी बघितलेलं. रोजच्या मालिकेचा प्रेक्षक हा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार असतो, फक्त त्याला साक्षीला कुणी बोलावत नाही. काकींचा सगळा संताप तिथून येतो. “अगं ती तोंडावर खोटं बोलालीया, आणि ह्यो जज नुसता बघत बसलाय!” जज काय करणार? त्यानं कालचा भाग बघितलेला नाही.

पुतण्याला हे पटत नाही. त्याच्या मते खरा कोर्टरूम ड्रामा म्हणजे ‘क्रिमिनल जस्टिस’. बीबीसीच्या २००८ च्या मालिकेवरून २०१९ मध्ये हिंदीत आलेली, पंकज त्रिपाठीचा माधव मिश्रा वकील असलेली. तिच्या पहिल्या पर्वात एक पोरगा रात्रीतून जागा होतो तर ज्या मुलीबरोबर तो होता तिचा खून झालेला. त्याला स्वतःलाच नीट आठवत नाही आणि आपल्यालाही दाखवलेलं नाही. प्रेक्षक आणि न्यायाधीश दोघंही सारखेच अंधारात. पुतण्याचं म्हणणं, कोर्ट कसं विचार करतं ते अशा मालिकेतच कळतं. आमची मालिका बघून काय कळणार, सगळं आधीच सांगून टाकलेलं.

मी यावर बराच विचार केला आहे आणि माझा कौल आमच्या मालिकेला आहे. कोर्ट कसं विचार करतं ते त्याच्या मालिकेत कळत असेल. पण कोर्टात माणसाला कसं वाटतं, ते आमच्या. कुठल्याही पक्षकाराला विचारा. बांधावरून भावाशी भांडणारा असो, घरमालकाशी भांडणारा भाडेकरू असो, त्याला सगळं माहीत असतं. तो तिथं होता. कुणी काय म्हटलं, कुणी आधी हात उगारला, सही करताना खोलीत कोण होतं, हे त्यानं बघितलेलं असतं. आणि आता कोर्टात समोरचा माणूस धडधडीत वेगळंच सांगतो, न्यायाधीश दोघांचंही सारख्याच चेहऱ्यानं ऐकून घेतात आणि पुढची तारीख देतात. त्या माणसाच्या छातीत जे होतं तेच काकींच्या छातीत रोज रात्री साडेआठला होतं. एक दिवाणी दावा न लढवता त्यांना पक्षकाराचं दुःख कळलं.

आता मामांचं समन्स. हा विषय त्यांच्याकडून ऐकण्यासारखा आहे.

दावा दाखल होतो, कोर्ट समन्स काढतं आणि ते ज्याच्या नावाचं आहे त्याच्यापर्यंत रीतसर पोचेपर्यंत दावा जागचा हलत नाही. पोचवायचं काम बेलिफचं. फौजदारी खटल्यात ते पोलीस करतात, म्हणजे मधुभाऊंच्या केसचं समन्स मामांच्या खात्यातलं नव्हेच, हे त्यांनाही माहीत आहे. “पण बजावणी ती बजावणीच,” ते म्हणतात. करवीर, पन्हाळा, राधानगरीच्या वाड्यावस्त्या त्यांनी सायकलवर, एसटीनं आणि पुढं पुढं एका खडखडणाऱ्या मोपेडवर पालथ्या घातल्या. बेलिफ गावात शिरला की बातमी त्याच्या आधी पोचायची. ज्याच्या नावाचं समन्स तो घरात असायचा आणि बायको सांगायची शेताकडं गेल्यात. कुणी विचारल्यावर भावाचंच नाव सांगायचा. कुणी चष्मा नाही म्हणून वाचता येत नाही म्हणायचा, आणि त्याच हातात सकाळचा पेपर. “चहा मिळायचा, पाणी मिळायचं, जेवून जावा असा आग्रह पण व्हायचा. फक्त सही मिळायची न्हाई.”

मग काय करायचं, तेही कायद्यात आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत पाचवा आदेश आहे, तो मामांना तोंडपाठ. माणूस सापडला नाही किंवा घ्यायला तयार नसेल तर प्रत घराच्या दर्शनी दाराला डकवायची, घर कुणी दाखवलं, डकवताना कोण हजर होतं त्यांची नावं-पत्ते लिहायचे आणि अहवाल कोर्टाला द्यायचा. ती वाक्यं मामा अजून म्हणून दाखवतात, एका दमात, आरतीच्या लयीत: “घेण्यास नकार दिला, सबब घराच्या दर्शनी दारास डकवून बजावणी केली.” घरातल्या दुसऱ्या कुणा सज्ञान माणसाकडं दिलं तरी चालतं, पण नोकर हा कुटुंबातला माणूस धरायचा नाही, असं त्याच आदेशात स्पष्ट लिहिलंय. मालिकांमधल्या बंगल्यांत दार नेहमी नोकर उघडतो आणि पाकीट नोकरच घेतो. मामांच्या लेखी मराठी वाहिन्यांवर आजवर एकही धड बजावणी झालेली नाही.

ह्यातलंच एक कलम आमच्या घरात फार गाजलं.

पुतण्याची परीक्षा जवळ आली होती आणि तो मोठ्यानं वाचत होता. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम ६४. ज्याला समन्स द्यायचं तो सापडत नसेल तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान पुरुषाकडं द्यावं. आत्या शेवया मोडत होत्या, त्या थांबल्या. “पुरुषाकडं?” हो, पुरुषाकडं. दिवाणी कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनं ‘स्त्री असो वा पुरुष’ असं आलं. फौजदारीत मात्र ते तसंच राहिलं. १ जुलै २०२४ ला भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम ६६ मध्ये आता नुसतं ‘कुटुंबातला सज्ञान सदस्य’ आहे.

“म्हणजे,” आत्या म्हणाल्या, “मी दारात उभी असले तरी पोलिसाच्या लेखी घरात कोण न्हाई?”

“लेखी तसंच,” मामा म्हणाले.

“आणि तुम्ही? तुम्ही देत होतासा काय बायकांच्या हातात?”

“देत होतो की. आमचं दिवाणी.”

असा सुटकेचा निःश्वास मी मामांच्या तोंडून क्वचितच ऐकला आहे. पण आत्यांचं समाधान झालं नाही. त्या रात्री मालिकेत सायली कसलासा पुरावा शोधत फिरत होती, आणि आत्या टीव्हीकडं बघून म्हणाल्या, “निम्मी केस हिनं उभी केली. हिच्या हातात साधा कागद द्यायला सरकारला दोन हजार चोवीस उजाडावं लागलं.” काकींनी त्याला दुजोरा दिला. त्या दिवशी पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालं, आणि अर्जुनवरची चर्चा तेवढ्यापुरती तहकूब राहिली.

पुतण्याच्या हरकती वेगळ्या जातीच्या असतात. तो भाग थांबवून चुका दाखवतो, त्यामुळं त्याच्याबरोबर मालिका बघणं हा छळ आहे. आपल्या कोर्टात हातोडा नसतो. ‘ऑर्डर, ऑर्डर’ कुणी ओरडत नाही. गीतेवर हात ठेवून शपथ घ्यायची प्रथा कोर्टात नाही. १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणं ईश्वराला स्मरून किंवा नुसतं गांभीर्यपूर्वक सांगायचं की खरं सांगेन, पूर्ण खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही. कायदे बदलले तरी खून जुना असल्यामुळं मधुभाऊंना जुनं ३०२ च लागू, नव्या न्याय संहितेचं १०३ नव्हे. इथवर सगळं ठीक, हे त्याच्याकडून सगळ्या पेठेनं ऐकलंय.

पण एक गोष्ट त्यानं सांगितली ती मला नवी होती आणि मी ती विसरू शकत नाही. पडद्यावर उलटतपासणी म्हणजे वकिलाचा जळजळीत प्रश्न, साक्षीदाराचा थरथरता चेहरा, शांतता, मग स्फोट. खऱ्या कोर्टात साक्षीदार उत्तर देतो आणि न्यायाधीश ते आपल्या शब्दांत लघुलेखकाला सांगतात. सहसा प्रश्न गळून जातो, उरतं ते उत्तराचं सपाट वाक्य. शेवटी तर ठरलेलीच ओळ येते. वकील सुचवतात की तू खोटं बोलतोस, साक्षीदार नाही म्हणतो, आणि कागदावर उमटतं: ‘मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही.’ पुतण्यानं इंटर्नशिपमध्ये असे जबाब वाचलेत. कुणाचं हे वाक्य, कुठल्या आवाजात, रडत म्हटलं की निर्ढावून, काही कळत नाही. साक्ष घेणाऱ्या न्यायाधीशांची मध्येच बदली झाली तर निकाल लिहिणाऱ्या नव्या न्यायाधीशांसमोर हाच कागद. अपिलात तर फक्त हाच कागद. ज्या चेहऱ्यांसाठी आम्ही रोज अर्धा तास टीव्हीपुढं बसतो, ते चेहरे त्यात कुठंच नसतात.

आत्यांना मी हे सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “मग साक्षीचं रडणं वायाच म्हणायचं.” साक्षी म्हणजे साक्षी शिखरे, मालिकेतली. मला आधी वाटलं, साक्षीदाराबद्दलच बोलताहेत.

आणि मग निकालाचा भाग आला. दोन वर्षांहून जास्त रखडलेली केस एकदाची निकाली निघाली, मधुभाऊ निर्दोष सुटले. काकींनी पेढे आणले होते. देवापुढं ठेवले, मग टीव्हीपुढं. आत्यांचे डोळे भरून आले. मामांनीही त्या दिवशी समन्सचं काढलं नाही. पेढा तोंडात असतानाच पुतण्या म्हणाला, “अजून नव्वद दिवस आहेत.” कसले नव्वद? निर्दोष सोडलं तरी सरकारला उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन त्याविरुद्ध अपील करता येतं, मुदत ९० दिवस. शिवाय मयताच्या घरच्यांनाही अपिलाचा हक्क आहे, २००९ मधल्या दुरुस्तीनं मिळालेला. काकींनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं दुसऱ्या पेढ्याला हात लावला नाही.

खरा वाद नंतर झाला. काकी म्हणाल्या, “एवढं सोपं होतं तर हे दोन वर्षांमागंच का न्हाई केलं? पाणी घालून घालून आमटी पातळ केली नुसती.” हा आरोप सगळ्या रोजच्या मालिकांवर होतो आणि तो खरा असतो. टीआरपी असेपर्यंत कुठलीही वाहिनी खटला संपू देणार नाही. पुरावा मिळतो, हरवतो, पुन्हा मिळतो, जळतो. महत्त्वाचा साक्षीदार कोर्टाच्या पायरीवर येऊन बेशुद्ध पडतो. मी काकींच्या बाजूनंच बोलायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात मामा म्हणाले, “एवढंच तर खरं दाखवलंय त्यांनी.”

आम्ही सगळे गप्प.

मग मामांनी रोजनामा कसा असतो ते सांगितलं. खटल्याच्या फाईलीत दर तारखेला एक-दोन ओळी. साक्षीदार गैरहजर. समन्स बजावून परत आले नाही. आरोपीस जेलमधून हजर केले नाही. आरोपीच्या वकिलांचा मुदतीचा अर्ज. न्यायाधीश रजेवर. मुद्देमाल आला नाही. पंच गाव सोडून गेला. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी पुढची तारीख. “वकिलांचं भाषण वर्षातनं एखाद्या दिवशी. बाकी सगळी वर्षं ह्या ओळींची.” सिनेमातला खटला अडीच तासांत संपतो, वेब सिरीजमधला आठ-दहा भागांत. रोजची मालिका तेवढी माणसाला खऱ्या खटल्याइतकी ताटकळत ठेवते. कारणं वेगळी आहेत, इकडं जाहिराती आणि तिकडं समन्स. पण साडेआठला बसायचं, आज तरी काहीतरी होईल म्हणायचं आणि नऊला काही न होता उठायचं, हा अनुभव कोर्टाच्या व्हरांड्यात पुकारा होण्याची वाट बघणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल.

मामांचं निरीक्षण मला बिनतोड वाटतं, त्यांचं समाधान मात्र नाही. ते उशिराबद्दल असं बोलतात की जणू तो पावसाळ्यासारखा आपला आपण येतो. उशीर कुणाच्या तरी अंगावर पडत असतो. मालिकेत मधुभाऊ आत आहेत हे आम्हाला कळायचं ते महिन्यातून एखाद्या दृश्यापुरतं. गज, पांढरे केस, सायलीचे हुंदके, संपलं. आपल्याकडच्या तुरुंगांतले दर चारपैकी साधारण तीन कैदी कच्चे कैदी आहेत, खटला संपायची वाट बघणारे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात हे प्रमाण ७५.८ टक्के आहे. आमच्या घरापासून कळंबा जेल काही लांब नाही. तिथल्या कुणाच्या केसवर पेढे वाटायला कुणी पेठ जमलेली मी बघितली नाही. मधुभाऊ पहिल्या दिवसापासून निर्दोष आहेत हे आम्हाला ठाऊक होतं म्हणून आमची दया इतकी मोकळी होती. कळंब्यात कोण निर्दोष आहे, हे आम्हाला कुणी आधी दाखवलेलं नाही.

उशिराचं आणखी एक रूप याच गावानं बघितलंय. लहान मुलं पळवून त्यांच्याकडून चोरीत मदत घ्यायची आणि मग त्यांना मारून टाकायचं, अशा गुन्ह्यांत दोघी बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं २००१ मध्ये फाशी सुनावली. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये ती कायम केली, राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला. आणि जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली, कारण दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला जवळजवळ आठ वर्षं लागली होती. आत्यांना त्या बायका पकडल्या गेल्या तो काळ आठवतो, पोरांना नजरेआड करत नव्हतो म्हणतात. २०२२ च्या बातमीवर त्यांनी एकच विचारलं, फाईल इतकी वर्षं कुठल्या टेबलावर होती? मामांकडंही त्याचं उत्तर नव्हतं. ही केस आमच्या सोप्यात कधी चालली नाही. मालिकेबद्दल बोलतात तसं कुणाला तिच्याबद्दल बोलता आलं नाही.

मालिकांमध्ये अपील नसतं. निकाल लागला की पात्रं देवळात जातात आणि दुसऱ्या दिवशीपासून नवं कारस्थान. कोल्हापूरच्या माणसाला अपील म्हणजे काय ते विचारावं. अपील म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेस. रात्री गाडीत बसायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, स्टेशनवर तोंड धुऊन उच्च न्यायालयात जायचं, वकिलाच्या मागं मागं धावायचं, बोर्डावर आपला नंबर येतो का बघायचं. आला नाही तर रात्रीच्या गाडीनं परत. फायली उशाला घेऊन झोपलेले वकील आणि पक्षकार त्या गाडीत कायमचे. खंडपीठ कोल्हापुरात हवं म्हणून सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी चार दशकांहून जास्त काळ आंदोलनं केली, कामं बंद ठेवली, उपोषणं केली. अखेर १७ ऑगस्ट २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते सर्किट बेंचचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. जागा भाऊसिंगजी रोडवरची, सीपीआर हॉस्पिटलसमोरची जुनी कोर्टाची इमारत. जिल्हा न्यायालय कसबा बावड्याला गेल्यापासून तिची रया गेली होती. मामांची उमेदीची वर्षं त्याच आवारात गेली. आपण जिथं समन्सांचे गठ्ठे बांधले तिथं आता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बसणार, हे त्यांना आठवडाभर खरं वाटेना.

नेमकं आदल्या दिवशी, १६ ऑगस्टला, ज्योती चांदेकर गेल्या. मालिकेतल्या पूर्णा आजी. रविवारी सकाळी मामा बेंचच्या उद्घाटनाबद्दल बोलत होते आणि आत्या ज्योतीबाईंबद्दल, दोघंही एकमेकांचं न ऐकता. “घरातलं माणूस गेल्यागत वाटालंय,” आत्या म्हणाल्या. पूर्णा आजी कडक होती, चुकायची, सायलीवर अन्यायही करायची, पण सुभेदारांच्या घरात शेवटचा शब्द तिचा. आत्या मनातून तिच्याच बाजूच्या. पुढं ती भूमिका रोहिणी हट्टंगडी करू लागल्या. एवढी मोठी अभिनेत्री, तरी आत्यांनी बरेच दिवस त्यांना पूर्णा आजी म्हटलं नाही, ‘त्या बाई’ म्हणायच्या. काम बघितल्यावर हळूहळू मान्य केलं.

त्या दिवसांत बेंचच्या आणि मालिकेच्या गप्पा एकमेकींत इतक्या मिसळल्या की काकींनी एका रात्री सरळ विचारलं, “मग आता मधुभाऊंचं अपील कुणी केलंच, तर ते हितंच चालंल की.”

“तसं न्हाई,” मामा म्हणाले. “गुन्हा कुठल्या जिल्ह्यात घडला त्यावर हाय. आश्रम कुठं येतो ते आधी सांगा.”

हे कुणालाच छातीठोक सांगता येईना. काकी म्हणाल्या मुंबईच असणार, एवढाले बंगले दुसरीकडं कुठं आहेत? पुतण्या म्हणाला बंगले सांगलीतही आहेत. समोरच्या दुकानातला पोऱ्या उंबऱ्यातून म्हणाला की शूटिंग कुठं होतं ते बघा, त्याला सगळ्यांनी गप्प बसवलं. मग पुतण्यानं सीएनआर नंबरचं काढलं, प्रत्येक केसला सोळा अक्षर-अंकांचा एक नंबर असतो, तो टाकला की मोबाईलवर कोर्ट, जिल्हा, पुढची तारीख सगळं दिसतं. मधुभाऊंचा नंबर द्या, आत्ता सांगतो, म्हणाला. आत्यांनी बराच वेळ हे ऐकून घेतलं.

“सातारा धरा,” त्या म्हणाल्या. “सहा जिल्ह्यांत बसतंय न्हवं? बसतंय. मग सातारा धरा आणि घ्या बोर्डावर.”

“अगं, कोर्टात असं धरून चालत न्हाई,” मामा म्हणाले.

“मग आश्रम साताऱ्यात न्हाई, ह्याचा पुरावा आणा तुम्ही.”